कॅल्गरीचा पीस ब्रिज नळीच्या आकाराचा का आहे?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कॅल्गरी शहरात बो नदीवर असलेल्या पीस ब्रिजबद्दल विचारलेला प्रश्न तीन पदरी आहे. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी बांधलेल्या या पुलाला लालभडक जाळीच्या नळीचा आकार कशासाठी दिला, त्याच जागी साधा पोलादी पूल बराच स्वस्तात झाला नसता का, आणि महाराष्ट्रातील एखाद्या शहराने नदीकाठच्या उद्यानात असा पूल बांधायचे ठरवले तर कॅल्गरीकडून काय घ्यावे, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे. पुलांच्या संकल्पनाचे, म्हणजे डिझाइनचे, काम मी अनेक वर्षे करत आले आहे आणि त्यात पादचारी पुलांचा वाटा मोठा आहे, म्हणून माझे मत आधीच सांगते. नळीचा आकार त्या जागेच्या अटींमधून जवळजवळ अपरिहार्यपणे निघाला. मात्र त्या नळीची जाळी कशी विणावी, ती कोठे तयार करून घ्यावी आणि तिला काच कोठे लावावी, हे निर्णय ऐच्छिक होते, आणि टीका व्हायला हवी ती या निर्णयांवर.

आधी जागा समजून घेऊ. बो नदी कॅल्गरीच्या मध्यातून वाहते. तिच्या दक्षिण काठावर उंच इमारतींचा व्यापारी भाग, ओ क्लेअर ही वस्ती आणि प्रिन्सेस आयलंड हे बेटावरचे मोठे उद्यान आहे, तर उत्तर काठावर सनीसाइड ही राहती वस्ती आणि मेमोरियल ड्राइव्ह हा रस्ता आहे, ज्याच्या कडेने पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ पॉप्लरची झाडे लावली गेली. दोन्ही काठांवरून पायवाटा आणि सायकलमार्ग जातात. असे सुमारे १,००० किलोमीटरचे मार्ग या शहरात आहेत आणि कडाक्याच्या हिवाळ्यातही लोक ते वापरतात. उत्तरेकडून कामाला येणाऱ्या माणसाला प्रिन्सेस आयलंडच्या पश्चिमेला नदी ओलांडण्याची सोय हवी होती. ती या पुलाने २४ मार्च २०१२ रोजी मिळाली. पुलाचे संकल्पन सांतियागो कालात्रावा यांचे आहे. ते स्पेनमधील वालेन्सिया भागातले वास्तुरचनाकार असून त्यांनी झुरिच येथे स्थापत्य अभियांत्रिकीचेही शिक्षण घेतले आहे. पुलाची लांबी १२६ मीटर आहे आणि खर्च सुमारे २.४५ कोटी कॅनेडियन डॉलर झाला.

शहराने घातलेल्या अटींपैकी दोन निर्णायक ठरल्या. पहिली अशी की नदीच्या पात्रात एकही खांब नको. बो नदी ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे, पात्राला धक्का लावू नये अशी अपेक्षा होती, शिवाय पुरात वाहून येणारी झाडे आणि हिवाळ्यातील बर्फ खांबांना अडकण्याचाही प्रश्न होता. दुसरी अट वरच्या बाजूची. जवळच हेलिकॉप्टर उतरण्याची जागा असल्याने पुलाचा कोणताही भाग फार उंच जाऊन चालणार नव्हता. त्यात पुराची पातळी खाली मोकळी ठेवायची आणि चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसालाही विनासायास ओलांडता यावे इतका सौम्य चढ ठेवायचा. थोडक्यात, संकल्पकाला वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी दाबलेली एक अरुंद पट्टी मिळाली आणि त्या पट्टीत राहून १२६ मीटरची उडी एका गाळ्यात, म्हणजे दोन आधारांमधल्या एकाच अंतरात, मारायची होती.

आता या पट्टीत काय बसते ते पाहू. कमान घेतली तर तिची उंची साधारणपणे गाळ्याच्या एक षष्ठांश असते, म्हणजे सुमारे २१ मीटर, आणि ती हेलिकॉप्टरच्या वाटेत येते. तारांनी ओढून धरलेला पूल घेतला आणि एका काठावर मनोरा उभारला तर तो चाळीस-पन्नास मीटरपर्यंत जातो, म्हणजे तोही बाद. मग उरते तुळई. इतक्या लांब गाळ्याच्या पोलादी तुळईची खोली गाळ्याच्या विसाव्या ते पंचविसाव्या भागाएवढी ठेवावी लागते, म्हणजे पाच-सहा मीटर. ही तुळई चालण्याच्या फरशीखाली ठेवली तर तिचा तळ पूरपातळीच्या वर हवा आणि फरशी त्याच्याही वर, म्हणजे लोकांना कमीत कमी चार मीटर अधिक उंच चढावे लागणार. वीस मीटरमागे एक मीटर या उताराने तेवढ्यासाठी प्रत्येक टोकाला आणखी ८० मीटरचा रॅम्प लागतो. असे रॅम्प उद्यानाच्या आणि काठावरच्या पायवाटेच्या बोकांडी बसले असते, आणि सायकलस्वाराने रोज दोनदा चार मीटर विनाकारण चढायचे हेही चुकीचेच. यातून एकच वाट निघते. तुळई वर उचलायची, फरशी तिच्या तळाशी ठेवायची आणि माणसांना तुळईच्या पोटातून चालवायचे. पीस ब्रिजची उंची ५.८५ मीटर आहे, म्हणजे गाळ्याच्या सुमारे एकविसाव्या भागाएवढी. मी वर सांगितलेल्या हिशेबात ती नेमकी बसते. ज्याला लोक नळी म्हणतात ती म्हणजे आतून पोकळ केलेली तुळई आहे.

हा युक्तिवाद मागाहून जुळवलेला वाटू नये म्हणून कॅलिफोर्नियातील रेडिंग शहराचे उदाहरण देते, कारण पुलांच्या अभ्यासकाला इतकी चांगली तुलना सहसा मिळत नाही. तेथील टर्टल बे उद्यानात सॅक्रामेंटो नदीवर याच कालात्रावांचा सनडायल ब्रिज आहे. तो ४ जुलै २००४ रोजी खुला झाला आणि तोही पादचाऱ्यांचा व सायकलस्वारांचाच आहे. तेथेही पात्रात खांब नको अशीच अट होती, कारण त्या भागात सामन मासे अंडी घालतात. मात्र रेडिंगचे आकाश मोकळे होते. त्यामुळे तेथे एका काठावर ६६ मीटर उंचीचा, नदीपासून मागे झुकलेला पांढरा मनोरा उभा आहे आणि त्याच्या एकाच बाजूने सुटणाऱ्या तारांनी सुमारे २१३ मीटर लांबीची फरशी तोलून धरली आहे. मनोऱ्याला मागून ओढणारी तार नाही, त्याचे स्वतःचे झुकलेले वजनच ते काम करते. मनोरा उत्तरेकडे रोखलेला असल्याने तो छायायंत्राचा, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटाही ठरतो. एकाच संकल्पकाला पाण्याबाबत एकच अट दोनदा मिळाली. एकदा वर जागा होती तर मनोरा आला, एकदा नव्हती तर नळी आली. उंच पांढऱ्या मनोऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने कॅल्गरीत मनोरा टाळला, तो हौसेखातर नव्हे.

रेडिंगमध्येच त्याच नदीवर आणखी एक पादचारी पूल आहे आणि जाणकार वाचक मला त्याच्याबद्दल विचारतील. १९९० साली पुरा झालेल्या या पुलाचा गाळा सुमारे १२७ मीटर आहे, म्हणजे जवळजवळ पीस ब्रिजएवढाच. त्याला कमान नाही, मनोरा नाही आणि खोल तुळईही नाही. दोन काठांमध्ये ताणलेल्या पोलादी दोरांवर काँक्रीटच्या पातळ लाद्या बसवून केलेली ती एक किंचित लवलेली पट्टी आहे, आणि माझ्या मते जगातील सुंदर पादचारी पुलांमध्ये तिची गणना व्हायला हवी. मग कॅल्गरीत हे का नाही? अशी पट्टी गाळ्याच्या पन्नासाव्या भागाएवढी लवू दिली तर तिच्या टोकाचा उतार आठ टक्के होतो, आणि चाकांच्या खुर्चीसाठी तो जास्त आहे. उतार पाच टक्क्यांवर आणायचा तर पट्टी गाळ्याच्या ऐंशीव्या भागाएवढीच लवू द्यावी लागते. पट्टी जितकी कमी लवते तितका तिच्यातला ताण जास्त, म्हणजे हा ताण दीडपटीहून अधिक वाढतो आणि तो सगळा आडवा ताण दोन्ही काठांनी धरून ठेवायचा असतो. रेडिंगला दोन्ही काठांवर खडक आहे, म्हणून ते जमले. कॅल्गरीत एका बाजूला रहदारीचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला वस्ती असलेल्या सपाट पूरमैदानात तेवढे अवजड बांधकाम जमिनीत गाडणे शहाणपणाचे ठरले नसते.

नळी अपरिहार्य होती हे मान्य केले तरी तिच्या भिंतींचा प्रश्न उरतो, आणि येथून मी पुलाचे समर्थन थोडे सैल करते. तुळई भार पेलते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या भिंती या दोघांना एकमेकांशी जखडून ठेवतात. मधल्या भिंतींचे हे काम सर्वांत कमी पोलादात करायचे तर सरळ दांड्यांच्या त्रिकोणांची कैची वापरतात, कारण त्रिकोणात प्रत्येक दांडा केवळ ताणला किंवा दाबला जातो, वाकत नाही. पीस ब्रिजमध्ये सरळ त्रिकोणांऐवजी नळीभोवती मळसूत्रासारख्या फिरणाऱ्या वक्र पोलादी पट्ट्या आहेत. वक्र पट्टीवर बळ आले की ती वाकू पाहते, मग तिला जाड करावे लागते, आणि प्रत्येक छेदाशी दोन वक्र तुकडे वेगवेगळ्या कोनांतून भेटत असल्याने तेथील वेल्डिंग अवघड होते. साधी त्रिकोणी कैची येथे स्वस्तात झाली असती, यात शंका नाही. मग या वक्र जाळीने काहीच दिले नाही का? दिले. आतून चालण्याच्या कैचीपुलाला वरून मोकळे ठेवले तर दाबाखाली असलेला त्याचा वरचा दांडा आडवा निसटू पाहतो, आणि त्याला आवरायला छताच्या बाजूने तुळया टाकाव्या लागतात. अशा डब्यासारख्या पुलातून चालताना कसे कोंडल्यासारखे वाटते, हे आपल्याकडच्या रेल्वे स्थानकांवरील जुन्या पादचारी पुलांवरून जाणाऱ्याला सांगायला नको. कॅल्गरीत भिंतीची पट्टीच वळून छत होते, त्यामुळे वरच्या दांड्याला चहूबाजूंनी आधार मिळतो आणि पट्ट्यांमधून नदी व आकाश दिसत राहते. गर्दी एका कठड्याकडे सरकली तर पूल पिळवटू नये, यासाठीही असा सर्व बाजूंनी बंद आकार फार उपयोगी पडतो.

गर्दीचा विषय निघाला आहे तर कंपनांबद्दल बोलणे भाग आहे, कारण पादचारी पुलाचे संकल्पन रस्त्याच्या पुलापेक्षा कठीण ठरते ते येथेच. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. प्रत्येक पावलाने पूल खाली ढकलला जातो आणि एकाआड एक पावलाने डावीकडे-उजवीकडे ढकलला जातो. म्हणजे उभा धक्का सेकंदाला सुमारे दोनदा आणि आडवा सुमारे एकदा बसतो. पुलाची स्वतःची हेलकाव्याची गती या आकड्यांच्या आसपास असेल तर तो हलू लागतो, आणि आडवा हलू लागला की चालणारी माणसे तोल सांभाळण्यासाठी नकळत त्याच्याच लयीत पावले टाकू लागतात आणि हेलकावा वाढवतात. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी उघडला आणि याच कारणाने दोन दिवसांत बंद करावा लागला. त्याला हेलकावे शोषणारी यंत्रणा बसवून तो २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडला. जपानमध्ये तोदा उद्यानाजवळच्या, नौकाशर्यतीच्या मैदानातून बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या पुलावर हाच प्रकार आधीच आढळला होता आणि त्यावरचा अभ्यास १९९३ साली छापूनही आला होता, पण तो पुरेसा वाचला गेला नाही याची मला आजही हळहळ वाटते. आज युरोपीय मानकांनुसार, पुलाची उभ्या दिशेची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे त्याची स्वतःची हेलकाव्याची गती, ५ हर्ट्झपेक्षा (सेकंदाला ५ हेलकाव्यांपेक्षा) आणि आडव्या दिशेची २.५ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर कंपनांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. १२६ मीटरचा पूल या तपासणीतून सुटूच शकत नाही. पावणेसहा मीटरहून अधिक खोल आणि सर्व बाजूंनी बांधलेली नळी ही अशा वेळी ताठपणाची मोठी पुंजी असते. तेवढाच गाळा पातळ पट्टीने पार करणाऱ्याला ही पुंजी मिळत नाही.

मात्र या पुलाचे खरे यश मला त्याच्या फरशीत दिसते, ज्याकडे छायाचित्रे काढणाऱ्यांचे लक्ष जात नाही. आतली रुंदी ६.२ मीटर आहे. मध्ये २.५ मीटरचा सायकलमार्ग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १.८५ मीटरचे पदपथ, आणि दोन्हींच्या पातळीत थोडा फरक ठेवलेला आहे. चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटरने जातो, सायकलस्वार वीस-पंचवीसने, आणि नुसता पांढरा पट्टा मारून या दोघांना वेगळे ठेवता येत नाही. पातळी बदलली की पायाला आणि चाकाला आपोआप कळते. सायकली मध्यभागी ठेवण्यात दुहेरी फायदा आहे. कठड्याला हँडल घासेल या भीतीने सायकलस्वार नेहमी अर्धा मीटर आत राहतो, त्यामुळे सायकलमार्ग कडेला ठेवला तर तेवढी रुंदी वाया जाते. आणि चालणाऱ्याला नदी पाहायला थांबायचे असते, तेव्हा त्याची जागा कठड्यापाशीच हवी. फरशी जवळजवळ काठाच्या पातळीवर असल्याने पूल चढावा लागत नाही. रोज हजारो लोक तो वापरतात याचे श्रेय मी लाल रंगाआधी या पातळीला देईन.

आता टीकेचे मुद्दे. हे काम शहराने संकल्पनाची खुली स्पर्धा न घेता थेट एका नामवंत संकल्पकाला दिले आणि त्यावरून कॅल्गरीत मोठा वाद झाला. तो वाद मला रास्त वाटतो. नळीचे तत्त्व एकदा ठरले की तिच्या भिंती कशा करायच्या याची पाच-सहा उत्तरे समोर येऊ शकली असती, आणि नागरिकांना ती पाहता आली असती. पोलादी भाग स्पेनमध्ये तयार करून समुद्रमार्गे आणले गेले. वेल्डिंगच्या दर्जाबद्दल तपासणीत प्रश्न निघाले, दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि आधी २०१० साली अपेक्षित असलेले उद्घाटन २०१२ वर गेले. उणे तीस अंशांत पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो, तेथे वेल्डमधील बारीकशी भेगही दुर्लक्षिता येत नाही, म्हणून शहराच्या तपासनीसांनी जे ताणून धरले ते योग्यच केले. पण वक्र तुकड्यांच्या असंख्य जोडांची रचना निवडायची आणि कारखाना दुसऱ्या खंडात ठेवायचा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की उशीर होणार हे आधीच गृहीत धरायला हवे होते.

शहराने पुढच्या पुलाच्या वेळी रीत बदलली. थोडे पूर्वेला सेंट पॅट्रिक्स आयलंड या बेटावरच्या उद्यानातून जाणारा जॉर्ज सी. किंग ब्रिज ऑक्टोबर २०१४ मध्ये उघडला. तोही पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलस्वारांचाच आहे, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली गेली आणि पॅरिसच्या आरएफआर या संस्थेचा सहभाग असलेला प्रस्ताव निवडला गेला. चपटा दगड भिरकावून पाण्यावर भाकऱ्या काढाव्यात तशा त्याच्या तीन कमानी नदीवरून आणि बेटावरून टप्पे घेत जातात. खर्च त्याचाही साधारण अडीच कोटी डॉलरच्या घरात गेला. म्हणजे स्पर्धेने पैसे वाचले असे म्हणता येणार नाही, पण त्या पुलाबद्दल पीस ब्रिजएवढी कटुता निर्माण झाली नाही.

काचेबद्दल माझे मत अधिक कडक आहे. पीस ब्रिजच्या छतात काच आहे आणि कठड्यांतही काचेच्या पट्ट्या होत्या. छताची काच पाऊस-बर्फ अडवते आणि हाताच्या टप्प्यात येत नाही, तिच्याबद्दल तक्रार नाही. कठड्याची काच मात्र वारंवार फुटत राहिली आणि जुलै २०२२ मध्ये तोडफोडीत एकाच वेळी इतक्या पट्ट्या फुटल्या की नुकसानीचा अंदाज १० लाख डॉलरच्या आसपास गेला. शेवटी शहराने काच काढून पोलादी कठडे लावण्याचा मार्ग धरला. तोडणाऱ्याचा दोष मी नाकारत नाही, पण रात्रंदिवस उघड्या असलेल्या सार्वजनिक जागेत माणसाच्या लाथेच्या उंचीवर काच लावणे हा संकल्पनाचाच दोष आहे. हा एकटा पूल असता तर मी इतके ठामपणे बोलले नसते. बिल्बाओ येथील कालात्रावांच्या १९९७ च्या झुबिझुरी पुलावर काचेची फरशी पावसात निसरडी होते म्हणून तिच्यावर जाजम अंथरावे लागले. व्हेनिस येथील त्यांच्या २००८ च्या पुलावर लोक घसरून पडत राहिले आणि शहराने काचेच्या जागी दगड बसवण्याचे ठरवले. पावसाची आणि धुळीची सवय असलेल्या आपल्या शहरांत काचेच्या फरशीचा तुकडा ‘आकर्षण’ म्हणून मागितला जातो, तेव्हा ही तीन नावे समोर ठेवावीत.

पुलाच्या बाजूने दोन गोष्टी मात्र आवर्जून नोंदवायला हव्यात. जून २०१३ मध्ये बो नदीला प्रचंड पूर आला, शहराच्या मध्यभागासह अनेक वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या, आणि त्या पुरातून पीस ब्रिज सहीसलामत राहिला. पात्रात खांब नसल्याने वाहत्या झाडांना अडकायला काही मिळाले नाही, आणि खांब नको या अटीची किंमत मोजली ती त्या दिवसांत वसूल झाली असे मी म्हणेन. दुसरी गोष्ट तापमानाची. उणे ३५ ते अधिक ३५ अंश अशा ७० अंशांच्या फरकात १२६ मीटरचे पोलाद सुमारे १० सेंटिमीटरने लांब-आखूड होऊ पाहते. ही हालचाल टोकाशी सामावून घ्यायची आणि तरीही सायकलच्या अरुंद टायरला फट लागू द्यायची नाही, हे दिसत नसलेले पण चोख काम आहे.

भारतातील जवळचे उदाहरण म्हणजे अहमदाबादचा अटल पूल. साबरमतीच्या काठावरच्या उद्यानाला समोरच्या काठाशी जोडणारा आणि पतंगोत्सवावरून आकार घेतलेला हा सुमारे ३०० मीटर लांबीचा पूल २७ ऑगस्ट २०२२ रोजी उघडला. दोनच महिन्यांनी, ३० ऑक्टोबरला, त्याच राज्यात मोरबीचा जुना झुलता पूल तुटून १३५ माणसे गेली. त्या पुलाच्या मुख्य दोरातील ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या असल्याचे चौकशीत आढळले. त्यानंतर अटल पुलावर तासाला ३,००० लोकांनाच सोडण्याची मर्यादा घातली गेली, आणि नवा पूल कमकुवत आहे की काय अशी शंका लोकांना आली. तसे नाही. आपल्या रस्तेविषयक संहितेत गर्दीच्या ठिकाणी दर चौरस मीटरला ५०० किलोचा भार धरायला सांगितले आहे, म्हणजे एका चौरस मीटरवर सात-आठ माणसे खेटून उभी राहावीत इतका. प्रवेशाची मर्यादा पुलाच्या ताकदीसाठी लागते तेवढीच चेंगराचेंगरी टाळण्यासाठीही लागते, आणि आजवरचा अनुभव पाहता ती सुरुवातीपासूनच घालायला हवी.

महाराष्ट्राच्या संदर्भात मी सर्वांत आधी पातळीकडे लक्ष वेधीन. पुण्यात बाबा भिडे पूल खडकवासल्यातून पाणी सोडले की बुडतो, कारण तो पात्राला लागून आहे. दुसऱ्या टोकाला मुंबईतले आकाशमार्ग (स्कायवॉक) आहेत. २००८ साली वांद्र्याला पहिला झाला आणि त्यानंतर बांधलेल्यांपैकी अनेकांकडे लोक पाठ फिरवतात, कारण रस्ता ओलांडण्यासाठी दोन मजले चढून उतरण्याची कोणाची तयारी नसते. नदीकाठच्या उद्यानातला पूल या दोन टोकांच्या मध्ये बसवायचा असतो. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल पूररेषा कोठे आहे, तिच्यावर मोकळी जागा किती हवी, त्यावर तुळईची खोली किती आणि मग फरशी कोठे येते, ही चार आकड्यांची बेरीज संकल्पचित्र रंगवण्याआधी व्हायला हवी. बेरीज काठाच्या पातळीपेक्षा फार वर गेली तर तुळई फरशीच्या वर न्यावी लागते, आणि तेव्हा कॅल्गरीची नळी किंवा तिची साधी त्रिकोणी बहीण खरोखर उपयोगी पडते.

निविदेत काय मागावे, हेही विचारले आहे. पहिली मागणी अशी की कठड्याचा, दिव्यांचा आणि छताचा प्रत्येक तुटू शकणारा भाग स्थानिक बाजारात मिळणारा असावा आणि पूल बंद न करता बदलता यावा. दुसरी, वेल्डची अल्ट्रासाउंडने तपासणी कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या संस्थेकडून आणि कारखान्यातच व्हावी. तिसरी, उद्घाटनाआधी शे-दोनशे माणसांना पुलावरून चालवून, एका लयीत आणि विस्कळीतपणे, कंपने मोजावीत आणि गरज पडली तर शोषक यंत्रणा नंतर बसवता येईल अशी जागा आधीपासून राखून ठेवावी. सायकली जाणार असतील तर कठडा पादचाऱ्यांच्या कठड्यापेक्षा उंच, १.४ मीटरच्या आसपास हवा, कारण सायकलवर बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य वर जातो. आणि देखभालीचा पहिल्या वीस वर्षांचा खर्च बांधकामाच्या खर्चाशेजारी त्याच कागदावर लिहून मागावा.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. पीस ब्रिज महाग आहे तो मुख्यतः १२६ मीटरच्या एका गाळ्यामुळे आणि नंतर त्याच्या वक्र जाळीमुळे. तुळईवर पडणारा वाकवणारा ताण गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे गाळा तिप्पट केला की ताण नऊपट होतो. आपल्या नदीत पर्यावरणाच्या किंवा पुराच्या दृष्टीने दोन सडपातळ खांब खरोखरच खपणारे असतील, आणि त्यांच्यामुळे पाणी अडून पुराची पातळी किती वाढते याचा हिशेब जलशास्त्राच्या जाणकाराने तपासलेला असेल, तर तेवढ्याच अंतराचे ४२ मीटरचे तीन गाळे करता येतात. त्यांना पावणेदोन मीटर खोलीची साधी तुळई पुरते, ती जवळच्या कोणत्याही चांगल्या कारखान्यात बनते, आणि वाचलेले पैसे फरशीची रुंदी सहा मीटरपर्यंत नेण्यात घालता येतात.